रविवारची जंगलातली सायकल राइड : परत कधी येणार?

बी-३०४ ताई: नमस्कार. रविवारच्या राइडच्या यादीत माझ्या मुलाचं नाव आहे. निघायची वेळ लिहिली आहे, परतायची कुठेच नाही. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तशी रात्र पुन्हा नको.

सी-५०१ दादा: ताई, काळजी करू नका. सगळे सरावातले आहेत आणि रूट ९० किमीचाच आहे. हायवेवर आपली मुलं याहून जास्त चालवतात.

बी-३०४ ताई: मागच्या वेळीही हेच सांगितलं होतंत.

डी-२०३ मॅडम: दादा, ९० किमीत १८०० मीटर चढ आहे. तो आकडा मेसेजमध्ये का नाही?

सी-५०१ दादा: रूटची फाइल टाकली आहे. उघडली की दिसतो.

डी-२०३ मॅडम: घरच्यांनी फाइल कशात उघडायची? मीच लिहिते. सराव असलेला हौशी रायडर चांगल्या रस्त्यावर तासाला साधारण ५००-६०० मीटर उंची चढतो. म्हणजे नुसता चढच तीन-साडेतीन तासांचा, आणि तोही डांबरावर धरला तर. आपल्याला सुट्या खडीवरून जायचंय. तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं, म्हणून बसूनच रेटावं लागतं. तीव्र चढावर वेग ताशी ७-८ किमीवर येतो. उतारावर वेळ भरून काढू असं कोणी म्हणू नका. वळणापलीकडचं झाडीमुळे दिसत नाही, आणि पाचोळ्याखाली ओली मुळं असतात, ती साबणासारखी निसटतात. पंक्चर, ओढे, थांबे धरून नऊ तास धरा.

ए-१०२ काका: सायकली पार्किंगमध्ये धुऊ नयेत. पाइपला नोझल लावून चिखल उडवतात, तो सगळा गटाराच्या जाळीत अडकतो. कृपया नोंद घ्यावी.

ए-४०४: मॅडम, नऊ तास म्हणजे फारच झाले. अमेरिकेत कॅन्ससला अनबाउंड शर्यतीत लोक एका दिवसात ३२० किमी ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यावर, सायकल चालवतात.

डी-२०३ मॅडम: चालवतात, २००६ पासून. पण तो फ्लिंट हिल्सचा मोकळा गवताळ माळ आहे. तिथे गारगोटीच्या धारदार कपच्या टायर फाडतात हे खरं, पण समोर कुठवर काय आहे ते दिसतं. शिवाय वाटेत मदतीचे थांबे असतात, कोण कुठे पोचलं याची नोंद ठेवणारी माणसं असतात. आपल्याकडे यातलं काय आहे?

खजिनदार: मी मदतीचा थांबा होतो. घरी बसून सगळ्यांची वाट बघतो 😄

सी-५०१ दादा: खजिनदार साहेब, तुम्ही चलाच. ई-बाइक घेऊन या.

खजिनदार: चालेल का खरंच?

डी-२०३ मॅडम: चढ मोठा असला की बॅटरी भराभर उतरते. वाटेत झाड आडवं पडलेलं असलं तर २० किलोची सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते. आधी छोटा रूट करून बघा.

ए-१०२ काका: सायकली पार्किंगमध्ये धुऊ नयेत. वर लिहिलं आहे, कोणी उत्तर दिलेलं नाही.

सी-५०१ दादा: काका, वेगळा विषय चालू आहे.

ए-१०२ काका: सायकलचाच विषय आहे.

बी-३०४ ताई: माझा प्रश्न तसाच राहिला. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहापासून मी फोन लावत होते. कोणाचाच लागला नाही. कुठे शोधायचं, हेही आम्हा घरच्यांना माहीत नव्हतं.

सी-५०१ दादा: ताई, तेव्हा सायकल मोडली होती. ते कोणाच्या हातात असतं का?

डी-२०३ मॅडम: दादा, ते हातात होतं. मी तिथे होते, म्हणून लिहिते. करंगळीएवढी काटकी चेनमध्ये अडकून मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागात, गेली. कटकट आवाज आला तेव्हाच पेडल थांबवायला हवं होतं, पण चढ होता म्हणून जोर लावला गेला. हँगर वाकला आणि डिरेलर स्पोकमध्ये घुसला. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा बोटाएवढा धातूचा तुकडा, पण सुटा हँगर एकाकडेही नव्हता. दुसऱ्याचा असता तरी बसलाच असता असं नाही, बहुतेक फ्रेमना वेगळा लागतो. मग चेन तोडून एकाच गिअरवर आणायची सायकल, तर चेन टूल गाडीत राहिलेलं. शेवटी ढकलत आणली.

सी-५०१ दादा: त्या दिवशी टायरही बसला, त्याचं पण सांगा ना. ते कोणाच्या सल्ल्याने कमी हवा भरून आले होते?

डी-२०३ मॅडम: सांगते. ७० किलोच्या माणसाला ४५ मिमीच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा बरोबर आहे. ५० भरली तर चाक दगडावरून उडतं आणि उतारावर पकड राहत नाही. तो टायर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, वाळल्यामुळे बसला. सीलंट दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात लवकरच.

सी-५०१ दादा: हवा कमी असली की रिम दगडावर आपटते, हेही लिहा.

डी-२०३ मॅडम: फार कमी असली तर आपटते. म्हणून वजनाप्रमाणे ठरवायची आणि गेजने मोजायची. अंगठ्याने दाबून नाही.

सी-५०१ दादा: दर वेळी रूट मी काढतो, गाडी मी ठरवतो, यादी मी करतो. तेव्हा कोणी विचारत नाही. चूक काढायला मात्र सगळे हजर.

सचिव: वैयक्तिक टीका नको 🙏 दादा सगळ्यांसाठी वेळ देतात, हे आपण मानतोच. ताईंचा प्रश्नही रास्त आहे. कृपया मुद्द्यावर बोला.

डी-२०३ मॅडम: दादांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. तुमच्यामुळेच मी जंगलात सायकल चालवायला लागले. तिथे सायकल चालवण्यासारखं सुख नाही, ते बंद व्हावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. माझा मुद्दा एकच आहे, मागे फिरायची वेळ घरून ठरवून निघायचं. वर चढून दमल्यावर, माथा समोर दिसत असताना, 'परत फिरू' असं कोणाच्याही तोंडून निघत नाही.

ए-४०४: पण रूट गोल आहे ना? अर्ध्यातून मागे फिरलं काय, पुढे गेलं काय, अंतर तेवढंच.

डी-२०३ मॅडम: बरोबर, म्हणूनच जागा महत्त्वाची. ३८ किमीवर आपला रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो. पुढच्या ५२ किमीत बाहेर पडायला दुसरी वाट नाही. तोवर १००० मीटर चढून झालेलं असतं, सगळे दमलेले असतात. सहाला निघालो तर दहाला तिथे असू. साडेदहा वाजून गेले असतील तर डांबरी रस्त्याने खाली उतरायचं.

सी-५०१ दादा: साडेदहा फार कडक होतं. साडेअकरा ठेवा.

डी-२०३ मॅडम: साडेअकराला पुढे गेलो तर साडेचार वाजतात, तेही काही मोडलं नाही तर. दाट झाडीत सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी अंधारतं. जनावरं बाहेर पडायची वेळही तीच.

सी-५०१ दादा: अकरा.

डी-२०३ मॅडम: अकरा. पण जो सगळ्यात मागे असेल तो अकराला तिथे हवा. पुढच्या चौघांचं घड्याळ धरायचं नाही.

ए-१०२ काका: सायकली पार्किंगमध्ये धुऊ नयेत.

डी-२०३ मॅडम: काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि सायकलच्याही हिताचं आहे. जोराच्या पाण्याने बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, मग बादली आणि फडकं. आणि हे जंगलातून बाहेर पडतानाच करायचं. टायरच्या मातीतून तणाचं बी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातं.

ए-१०२ काका: धन्यवाद. हे नोटीस बोर्डवर लावावे.

बी-३०४ ताई: आणि फोन लागला नाही तर?

डी-२०३ मॅडम: दरीत लागणारच नाही, असंच धरून चला. मोबाइलमध्ये नकाशा आधी डाउनलोड करायचा. रूट, नावं आणि ठरलेल्या वेळा घरी एका माणसाकडे लेखी ठेवायच्या. डांबरी रस्त्याला रेंज आहे, तिथून मेसेज यायलाच हवा. आपलं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीचं मिळत असेल तर ११२ लागतो, हे मुलांना सांगा. कुठलंच नसेल तर तोही लागत नाही, म्हणून एकट्याने पुढेमागे राहायचं नाही.

बी-३०४ ताई: तो लेखी कागद माझ्याकडे द्या. साडेअकरापर्यंत मेसेज आला नाही तर मी कोणाला फोन करायचा, तेही त्यावर लिहा. तरच मुलाला पाठवते.

सी-५०१ दादा: देतो ताई, आज रात्रीच. निघायची वेळ पहाटे सहा. सगळ्यात मागे मी राहीन. प्रत्येकाने पुढचा-मागचा दिवा, सुटी ट्यूब, चेन टूल आणि आपापला हँगर आणायचा. ओढे पायी ओलांडायचे, दगडांवर शेवाळ आहे. ब्रेक पॅड शनिवारी मी स्वतः बघेन. चिखलात रेझिनचे पॅड लवकर झिजतात, पातळ झालेले असतील त्याने यायचं नाही. मॅडम, बरोबर?

डी-२०३ मॅडम: बरोबर. खाण्याचंही टाका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. भूक लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो.

खजिनदार: हे मात्र मला घरी बसूनही जमेल 😄

ए-४०४: हँगर कोणता लागतो ते कसं कळणार?

डी-२०३ मॅडम: मागच्या डिरेलरच्या वर, अ‍ॅक्सलजवळ बघ. त्यावर नंबर कोरलेला असतो. नसेल तर चाक काढून दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, शनिवारच्या आत मागवायला हवा.