रिटायरमेंटनंतर वर्षातले काही महिने परदेशात, आणि पुतण्याला बाहेर धंदा टाकायचाय – कुठला व्हिसा बघावा?

कर्वेनगरकर६१

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी निमसरकारी नोकरीतून रिटायर झालो, वय ६१, सौ. ५८. पेन्शन आणि एका गाळ्याचं भाडं धरून महिन्याला एक लाख चाळीसच्या आसपास येतात, थोड्या एफडी आहेत. मुलगी जावई टोरांटोला, पण तिथली थंडी आम्हाला झेपणारी नाही, उन्हाळ्यात जाऊन येऊ तेवढं बास. पुण्याच्या ट्रॅफिकचा आणि धुळीचा मात्र आता खरंच वीट आलाय, वर्षातले सात-आठ महिने कुठेतरी समुद्राजवळ शांत राहावं असं दोघांच्याही मनात आहे. युट्यूबवर थायलंड, पोर्तुगाल, मॉरिशस सगळंच सोप्पं दाखवतात. एका एजंटकडे जाऊन आलो, त्याने चहा यायच्या आधी फीचा कागद पुढे केला आणि कुठला व्हिसा ते नंतर ठरवू म्हणाला, म्हणून इथे विचारतोय.

दुसरं म्हणजे पुतण्या. ३४ वर्षांचा, चाकणला छोटं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) युनिट आहे, त्याला दुबई नाहीतर अमेरिकेत धंदा टाकायचाय. त्याला कोणीतरी सांगितलंय की २३ लाखांत दुबईचा आजन्म गोल्डन व्हिसा मिळतो. खरंय का हे?

घर विकायचं नाहीये हे आधीच सांगून ठेवतो.

हुआहिनचा_नाशिककर

काका, आम्ही दोघं थायलंडमध्येच असतो, हुआ हिनला, त्यामुळे तेवढंच सांगतो, बाकी देशांचं बाकीचे सांगतील.

रिटायरमेंट व्हिसाला वय ५० पूर्ण पाहिजे, ते तुमचं झालंय. पैशाची अट अशी की थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाथ, किंवा महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरले पाहिजेत. ६५ हजार बाथ म्हणजे आजच्या भावाने दीड लाख रुपयांच्या पुढेच जातात, तुमचे १ लाख ४० थोडे कमी पडतात, म्हणून एक तर डिपॉझिट ठेवा नाहीतर मिश्र हिशोब करा. डिपॉझिट ठेवलंत तर ते पैसे व्हिसाच्या मुदतवाढीच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हलवायचे नाहीत आणि त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे वीस लाखांच्या वर रुपये तिथे जवळजवळ अडकलेच असं धरून चाला. काकूंना तुमच्यावर अवलंबून म्हणून घेता येतं, लग्नाचं सर्टिफिकेट लागतं, वेगळे ८ लाख लागत नाहीत.

आता जे व्हिडिओत कोणी सांगत नाही ते. एक, व्हिसाचे दोन रस्ते आहेत. भारतातूनच वर्षाचा ओ-ए काढलात तर पोलीस क्लिअरन्स, मेडिकल आणि हेल्थ इन्शुरन्स लागतो, आणि साठीनंतर बीपी शुगर असलं की तो प्रीमियम बघून डोळे पांढरे होतात. दुसरा रस्ता म्हणजे ९० दिवसांचा नॉन-ओ घेऊन यायचं आणि इथल्या इमिग्रेशनमध्ये वर्षाची मुदतवाढ करायची, त्याला इन्शुरन्सची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही असं नव्हे हां, इथल्या खाजगी हॉस्पिटलचं एक बायपासचं बिल आलं तर ते ८ लाख बाथसुद्धा पुरायचे नाहीत. दोन, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, ऑनलाइन होतं कधीकधी, नाहीतर जाऊन रांगेत उभं राहायचं. तीन, देशाबाहेर पडताना री-एंट्री परमिट घेतलं नाही तर मुदतवाढ तिथेच रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. तुम्ही पुण्याला आणि टोरांटोला ये-जा करणार, तर एकदम मल्टिपलच घ्या, ३८०० बाथ. आणि हे सगळं दर वर्षी करायचं, ७५ व्या वर्षीही.

काम अजिबात करता येत नाही. जमीन घेता येत नाही, कॉन्डो घेता येतो पण बिल्डिंगच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना. माझं मत, घेऊच नका, भाड्याने राहा. चिआंग माई स्वस्त आहे म्हणून लोक जातात पण तिथे समुद्र नाही आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर, तुम्ही पुण्याच्या धुळीला कंटाळून निघालाय म्हणून मुद्दाम सांगितलं.

शेवटचं, २०२४ पासून इथे वर्षात १८० दिवस राहिलं की बाहेरून आणलेलं उत्पन्न टॅक्समध्ये धरतात. तुमचे सात-आठ महिने त्यात बसतात. भारताशी करार आहे त्यामुळे दोनदा भरावा लागेल असं नाही, पण रिटर्नची भानगड येते.

सीए_दादर

नाशिककरांनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच सुरू करते, कारण माझ्याकडे येणारे सगळे व्हिसा हातात आल्यावर येतात आणि मग दिवस मोजायला लागतात. आधी महिने ठरवा, मग देश.

सात-आठ महिने बाहेर म्हणजे भारतात साधारण १२० ते १५० दिवस. सगळ्यांच्या डोक्यात १८२ चा आकडा असतो, त्याहून कमी दिवस भारतात राहिलं की टॅक्ससाठी नॉन-रेसिडेंट. पण भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर बाहेरून येऊन-जाऊन असणाऱ्याला १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागते, आधीच्या चार वर्षांत भारतात ३६५ दिवस झालेले असले की, आणि तुमचे ते झालेलेच आहेत. तुमचे वर्षाचे १६ लाख ८० होतात, पेन्शनची स्टँडर्ड डिडक्शन आणि भाड्यातले ३० टक्के गेले की १५ च्या थोडं खाली येईल, एफडीचं व्याज मिळवलं की परत वर. म्हणजे तुम्ही बरोबर कुंपणावर बसलाय. वर गेलात तर आरएनओआर, म्हणजे अर्धवट रेसिडेंट, म्हणून धरतील, त्यात घाबरण्यासारखं फार नाही, बाहेरच्या साध्या उत्पन्नावर इथे टॅक्स लागत नाही, पण स्टेटस काय ते दर वर्षी नीट ठरवायला लागेल.

पूर्ण नॉन-रेसिडेंट झालात तर मात्र बाकीच्या गोष्टी हलतात. सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं, करायचं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. सिनियर सिटिझन स्कीम नवीन उघडता येत नाही. आणि गाळ्याचं भाडं, भाडेकरूला तुमच्या भाड्यातून ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापून भरावा लागतो, भाडं कितीही लहान असो. हे सांगितलं की निम्मे भाडेकरू गाळा सोडतो म्हणतात!

पैसे बाहेर नेणं: रेसिडेंट असेपर्यंत एलआरएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची मुभा, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, तुम्हाला भरपूर आहे. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर असल्या डिपॉझिटसारख्या कारणांसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात. थायलंडचं डिपॉझिट दोघांच्या खात्यातून दोन आर्थिक वर्षांत, मार्च आणि एप्रिलमध्ये, पाठवलंत तर टीसीएस लागणारच नाही. मात्र एलआरएसमधून गेलेला पैसा गुंतवला नाही तर १८० दिवसांत परत आणायचा असा नियम २०२२ पासून आहे, नुसत्या बँकेत ठेवलेल्या व्हिसा डिपॉझिटचं काय ते तुमच्या बँकेकडून लेखी घ्या. तोंडी नको.

मडगांवचो

पोर्तुगालचं मी लिहितो कारण आमच्या वाड्यावरचे अर्धे तिकडेच आहेत.

डी-७ म्हणून व्हिसा आहे, पेन्शन भाडं डिव्हिडंड असल्या बसून येणाऱ्या उत्पन्नावर. अट तिथल्या किमान पगाराएवढी, २०२५ ला महिना ८७० युरो होता आणि दर जानेवारीत वाढवतात, बायकोसाठी त्याच्या निम्मे अजून. २०२५ च्या हिशोबाने दोघांचे १३०५ युरो म्हणजे तुमचे एक लाख चाळीस जेमतेम पोचत होते, एखाद्या वर्षी रुपया पडला की गेले. वर तिथलं घर आधी भाड्याने घेतल्याचा कागद लागतो, म्हणजे व्हिसा मिळायच्या आधीच लिस्बनचं भाडं सुरू, आणि लिस्बनची भाडी विचारू नका. आणि ते परमिट तिथे राहण्यासाठी आहे, सलग सहा महिने बाहेर काढलेत तर अडचण होते. गोल्डन व्हिसाला वर्षाला सरासरी सात दिवस पुरतात पण ऑक्टोबर २०२३ पासून घर घेऊन तो मिळत नाही, फंडात ५ लाख युरो वगैरे घालायचे, ते तुमच्या कामाचं नाही. स्पेनने तर आपला गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंदच केला, जुने व्हिडिओ बघून कोणी फसू नका.

एक विचारू काय? काकूंचं माहेर गोव्याचं नाही ना? कारण १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना नातवंडांना जन्माची नोंद लिस्बनला करून थेट नागरिकत्वच मागता येतं, तिथे गुंतवणूक बिंतवणूक काही नको. फक्त भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, मतदान जातं, घरात दोन वर्षं भांडणं होतात.

इचलकरंजी_टू_दुबई

पुतण्याला सांगा २३ लाखांचं विसर. ती बातमी जुलै २०२५ मध्ये फिरली होती, १ लाख दिरहमात आजन्म गोल्डन व्हिसा म्हणून, दोन-तीन दिवसांत यूएई सरकारच्याच आयसीपी या इमिग्रेशन खात्याने असं काही नाही म्हणून सांगितलं. पण व्हॉट्सॲपवर अजून जिवंत आहे ती.

प्रॉपर्टीवरचा खरा गोल्डन व्हिसा २० लाख दिरहमच्या घरावर, दहा वर्षांचा. गंमत बघा, २० लाख दिरहम म्हणजे साडेपाच लाख डॉलरला थोडे कमी, नवरा-बायकोची मिळून एका वर्षाची एलआरएस मर्यादा ५ लाख डॉलर, त्यामुळे दोन आर्थिक वर्षांत पैसे पाठवावे लागतात. काकांसाठी ५५ च्या पुढचा पाच वर्षांचा रिटायरमेंट व्हिसाही आहे दुबईत, १० लाख दिरहमचं घर किंवा तेवढी बचत वगैरे, पण घर विकायचं नाही म्हणता, मग सोडून द्या. आणि समुद्राजवळ शांतता म्हणत असाल तर जुलैमध्ये येऊन बघा, समुद्रसुद्धा गरम असतो.

धंद्याचं म्हणाल तर कंपनी काढली की पार्टनर व्हिसा मिळतो, साधारण दोन वर्षांचा, ते काहीच अवघड नाही. फ्री झोन म्हणजे वेगळ्या नियमांच्या ठरावीक व्यापारी भागातलं स्वस्त पॅकेज घेऊन लोक खूश होतात आणि मग कळतं की त्या लायसनवर बाहेरच्या मार्केटमध्ये थेट माल विकता येत नाही. सीएनसीवाल्याला जागा, विजेचा लोड, मशीन सगळं लागणार, त्याला मेनलँडचं, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरचं, इंडस्ट्रियल लायसन बघायला लागेल, २०२१ पासून बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी स्वतःची ठेवता येते. टॅक्स नाही हेही आता खरं नाही, ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर नफा गेला की ९ टक्के. आधी चाकणमधूनच इथली दोन गिऱ्हाईकं पकडून माल पाठव म्हणावं, मग लायसन. व्हिसा मिळाला म्हणून ऑर्डर मिळत नाही भावा.

न्यूजर्सी_अप्पा

अमेरिकेत रिटायरमेंट व्हिसा नावाची चीजच नाही, त्यामुळे काका सुटले. पुतण्याला कोणी ई-२, म्हणजे करार असलेल्या देशांच्या गुंतवणूकदारांचा व्हिसा, सांगेल, तो भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, आपला तसा करार नाही. मग कोणी तसा करार असलेल्या ग्रेनाडाचा पासपोर्ट विकत घे म्हणेल, पण २०२२ च्या शेवटी अमेरिकेने तिथे आधी तीन वर्षं राहिलेलं असण्याची अट घातली. ईबी-५ ला, म्हणजे गुंतवणुकीवरच्या ग्रीन कार्डला, कमीत कमी ८ लाख डॉलर आणि दहा नोकऱ्या. चाकणच्या युनिटवाल्याने एल-१ए बघावा, स्वतःच्या कंपनीची इथे शाखा काढायची आणि मॅनेजर म्हणून यायचं, नव्या ऑफिसला पहिलं एकच वर्ष देतात आणि मग धंदा खरंच चाललाय का ते तपासतात. मागे भारतात त्याच्याशिवाय युनिट चालणार असेल तरच.

कर्वेनगरकर६१

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सौ. चं माहेर वाईचं, त्यामुळे पोर्तुगाल बाद :) तिने हे सगळं वाचून एकच प्रश्न विचारला, इथला मेडिक्लेम चालू ठेवायचा की बंद करायचा? आणि सात-आठऐवजी पाच महिने केले तर? नोव्हेंबर ते मार्च. मॉरिशसचं कोणी बोललं नाही, तिथे मराठी लोक बरेच आहेत म्हणतात.

सीए_दादर

मेडिक्लेम अजिबात बंद करू नका. तो बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांनाच चालतो हे खरं, पण ६५ व्या वर्षी परत आलात तर नवीन कोण देणार. पाच महिने केलेत तर दोन्हीकडचं टॅक्सचं लचांड बरंचसं सुटतं, तुम्ही इथेच साधे रेसिडेंट राहाल, गाळ्याचा भाडेकरूही टिकेल. फक्त टोरांटोच्या उन्हाळ्याचे दिवस त्यात मिळवून मोजा, ते सगळे विसरतात.

हुआहिनचा_नाशिककर

पाच महिन्यांसाठी पण पहिल्या वर्षी डिपॉझिट बिपॉझिट काही करू नका. साध्या टुरिस्ट व्हिसावर दोन महिने या, पावसाळ्यात या मुद्दाम, त्यात आवडलं तर खरं. मॉरिशसला ५० च्या पुढच्यांना दहा वर्षांचं परमिट आहे, दर महिन्याला ठरलेले डॉलर बाहेरून आणायचे. शाळेत मराठी शिकवतात तिथे, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच झालेत ते, घरात क्रिओल बोलतात. आणि नोव्हेंबर ते मार्च म्हणजे तिकडचा उकाडा आणि वादळांचा सीझन, तेव्हा काकूंना विचारून घ्या.