सहावीच्या मुलाला वजाबाकी येत नसेल तर अपूर्णांक शिकवून काय उपयोग?

पाटीपेन्सिल:
मुलांना वाचन-गणित कितपत येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम 30.7 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं, आणि पुढच्या वर्षी आपण त्याच मुलांसमोर गुणोत्तर-प्रमाण मांडतो. माझं म्हणणं एवढंच, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवा आणि पोरगं जिथे अडलंय तिथून शिकवा. माझ्याकडे येणारी एक मुलगी 52 – 27 चं उत्तर दरवेळी 35 लिहायची. 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 2 गेले 3, म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं हा नियम तिने पक्का धरलेला, वहीभर लाल फुल्या पण कसं केलंस बाळा असं कुणी विचारलेलंच नाही. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या, 27 दे म्हटलं, सुट्या पुरेनात तसा तिनेच एक गठ्ठा सोडला. हातच्याचं वेगळं काही सांगावंच लागलं नाही.

दोनवर्गखोल्या:
मॅडम, द्विशिक्षकी शाळा आहे आमची. पहिली ते पाचवी, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, त्यात एकेकाची चूक कधी शोधू? आणि कच्च्या मुलांचा गट काढला की दुसऱ्या दिवशी गावात तो 'ढ गट' होतो.

पाटीपेन्सिल:
सर, कामाचं शंभर टक्के मान्य. पण गट इयत्तेवर नको, त्या त्या कौशल्यावर करा आणि दर महिन्याला बदला, मग शिक्का बसत नाही. 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या मुलांना दिवसाचे दोन तास वेगळं शिकवायच्या, वस्तीतल्याच मुली होत्या त्या, आणि गुण खरंच वाढले. बॅनर्जी-डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी तपासलंय.

उजळणी:
त्याच अभ्यासात कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला होता, तेही सांगा की! पाढे पाठ नसले की काड्या कितीही मोजा, भागाकार अडणारच.

पाटीपेन्सिल:
पाढे हवेतच, कोण नाही म्हणतंय? ओसरला म्हणूनच तर सांगतेय, चार महिन्यांचं अभियान नको, वेळापत्रकात कायमचा तास हवा.

दोनवर्गखोल्या:
द्या तो तास, घेतो मी. फक्त त्या तासात लिंक ताबडतोब भरा म्हणून ग्रुपवर मेसेज यायला नको.