लॅव्हेंडरची शेतं, सोबत एकच मैत्रीण किंवा मित्र आणि भरपूर वेळ : तुमचे अनुभव लिहा

लॅव्हेंडरच्या शेतांचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत, पण तिथे जाऊन आलेल्यांशी बोललं की फोटोत नसलेल्याच गोष्टी ऐकायला मिळतात, वास कुठल्या वळणावर सुरू झाला, मधमाश्यांचा आवाज कसा होता, आपण किती वेळ नुसतेच बसून राहिलो. म्हणून हा धागा. एका दिवसात दहा ठिकाणं उरकलेली ट्रिप नको, निवांत केलेली हवी. फुलं बघायला मिळाली नसतील तरी लिहा, तेही हवंय. सुरुवात मी करते.

मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, जुलैचा पहिला आठवडा, फ्रान्समधलं प्रोव्हान्स, व्हॅलेन्सोलचं पठार. चार दिवस एकाच गावात राहायचं, रोज तीच शेतं बघायची, बाकी काही ठरवायचं नाही असं आधीच बोललो होतो. पहिल्या दिवशी भर दुपारी गेलो तर रस्त्याच्या कडेला गाड्याच गाड्या आणि डोळे दिपवणारं ऊन, जांभळा रंगसुद्धा फिका वाटत होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी निघालो आणि तेव्हा खरं लॅव्हेंडर दिसलं. आधी सगळं राखाडी, मग निळसर, आणि सूर्य वर आला तसा एकेका ओळीत रंग भरत गेला. मधमाश्या लगेच नसतात, जरा ऊब आली की येतात, आणि मग आवाज इतका वाढतो की अख्खं शेत गुणगुणतंय असं वाटतं. आसपास मधपाळांनी पेट्या आणून ठेवलेल्या असतात. मैत्रीण आधी घाबरत होती, पण त्या त्यांच्या कामात इतक्या गर्क असतात की आपण ओळींच्या मधून शांतपणे चाललो तर ढुंकूनही बघत नाहीत.

तिथल्या एका शेतकरी बाईंनी आम्हाला दोन काड्या हातात दिल्या. एकीला टोकाशी एकच तुरा, दुसरीला मधला तुरा आणि बाजूला दोन फाटे. फाटेवालं ते लॅव्हेंडिन, म्हणजे खऱ्या लॅव्हेंडरचा दुसऱ्या जातीशी झालेला संकर. त्याला बी धरत नाही, त्यामुळे कलमं लावूनच वाढवावं लागतं. पठारावर जे मैलोन्‌मैल दिसतं ते बहुतेक हेच. खरं लॅव्हेंडर जास्त उंचीवर, सो गावाच्या बाजूला, डोंगराकडे. माझ्या मैत्रिणीला कोविडनंतर दीड वर्ष वास नीट येत नव्हता. ती दोन्ही काड्या चोळून डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, अगं, ह्यात कापूर आहे. लॅव्हेंडिनला खरंच कापराची झाक असते. दीड वर्षात तिने पहिल्यांदा एखाद्या वासाला नाव दिलं होतं. आम्ही तिथेच मातीत बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

*

आमची ट्रिप फुलं न बघायला मिळालेली, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी आणि माझा मित्र जुलैच्या शेवटी व्हॅलेन्सोलला पोचलो आणि कापणी होऊन गेली होती. ओळींच्या जागी राखट हिरवे गोल झुडपांचे गठ्ठे, बास. मित्राने सहा महिने आधी सुट्टी टाकली होती, त्याचा चेहरा बघवत नव्हता. गाडीची काच खाली केली तर वास मात्र प्रचंड येत होता, म्हटलं हा येतोय कुठून, आणि त्या वासाच्या मागे मागे जात एका तेल काढायच्या भट्टीपाशी पोचलो. कापलेल्या काड्या मोठ्या भांड्यात दाबून भरतात, खालून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल वर येतं, ती थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. एक लिटर तेलाला खऱ्या लॅव्हेंडरची साधारण 130 किलो फुलं लागतात, लॅव्हेंडिनला साधारण 40. तेव्हा कळलं की पठारभर लॅव्हेंडिन का आहे. भट्टीवरच्या माणसाने सांगितलं वर सो गावाला जा, उंचीमुळे तिथे फुलं उशिरा येतात. गेलो, आणि डोंगरउतारावर थोडी शेतं अजून उभी होती. तिथला लॅव्हेंडरचा सणसुद्धा 15 ऑगस्टला असतो. पण खरं सांगू का, आम्हा दोघांना आज जास्त आठवते ती भट्टीच.

*

उशिराबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. ज्यांना जून-जुलै जमत नाही त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट आहे. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे तिथे डिसेंबर-जानेवारीत फुलतं. मी आणि ऑफिसमधली मैत्रीण जानेवारीत ब्राइडस्टोव नावाच्या लॅव्हेंडरच्या शेतावर गेलो होतो, तिथलं बियाणं 1921 साली इंग्लंडहून आलेलं. ओळी टेकडीच्या वळणाने जातात, सरळ नाहीत, त्यामुळे चालताना पुढचं शेत एकदम उघडतं. आम्ही दोघी फारसं बोललो नाही त्या दिवशी. छान होतं ते.

*

जपान, होक्काइदो, फुरानो. मी माझ्या लहानपणच्या मित्राबरोबर जुलैच्या मध्यात, म्हणजे तिथला ऐन बहर. जायला नोरोक्को नावाची ट्रेन घेतली, ती मुद्दाम हळू चालायची, मोठ्या खिडक्या, आणि उन्हाळ्यापुरतंच उघडणारं एक स्टेशन आहे ज्याचं नावच लॅव्हेंडरचं शेत. तिथून थोडं चाललं की तोमिता फार्म. समोर डोंगररांग, खाली जांभळा पट्टा.

ह्या शेताची गोष्ट मला जास्त भिडली. तोमिता कुटुंबाने 1958 मध्ये तेलासाठी लॅव्हेंडर लावलं, आसपास अनेकांनी लावलं होतं. मग कृत्रिम सुगंध आणि स्वस्त आयात तेल आलं, 1970 च्या दशकात खरेदीच थांबली, एकेकाने शेतं मोडली. ह्यांनाही मोडवेना आणि ठेवणंही परवडेना. 1976 मध्ये जपानच्या रेल्वेच्या कॅलेंडरवर त्या शेताचा फोटो छापून आला आणि लोक बघायला यायला लागले. त्यावर शेत तगलं. हे मी मित्राला बाकावर बसून सांगत होतो, त्याने त्याच वर्षी घरचा बंद पडत चाललेला धंदा सोडायचा की नाही ह्यावर रात्र रात्र काढल्या होत्या. तो काहीच बोलला नाही, नंतर म्हणाला, अजून एक ट्रेन जाऊ दे, बसू. तीन ट्रेन गेल्या.

*

भारतातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यातलं भदरवाह. शाळेतली मैत्रीण आणि मी, जूनचा शेवट. एक आधीच सांगते, क्षितिजापर्यंत जांभळं मैदान बघायचं असेल तर ते इथे नाही. इथे डोंगरउतारावरचे पट्टे आहेत, मागे देवदार, एखाद्या घराशेजारी चार ओळी, आणि मला हे जास्त आवडलं कारण शेत आणि माणूस एकत्र दिसतात. सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतून, इथल्या शेतकऱ्यांना रोपं मिळाली, पूर्वी मका होता तिथे आता लॅव्हेंडर. 2022 पासून उत्सवही सुरू झाला.

विळ्याने तुरे कापणाऱ्या एका ताईंशी आम्ही तासभर बोललो. त्या म्हणाल्या, एकदा लावलं की बरीच वर्षं बघायला नको, आणि जनावरं तोंड लावत नाहीत. माझ्या मैत्रिणीने कापायला मागितलं तर त्यांनी विळा दिला, मूठ कशी धरायची तेही दाखवलं. दोन ओळी कापून तिची कंबर धरली, आणि त्या ताई तर सकाळपासून वाकलेल्या होत्या. तिथून परत आल्यावर तेलाची छोटी बाटली हातात घेतली की मला आधी ती वाकलेली पाठ दिसते.

*

छोटंसंच. कृपा करून फोटोसाठी झुडपांवर बसू नका, ओळींच्या मधल्या मातीत बसा. आमच्यासमोर एका ग्रुपने एक अख्खी ओळ चेपली आणि शेतकरी काही न बोलता नुसता बघत उभा होता, ते अजून डोक्यातून जात नाही. आधीच प्रोव्हान्समध्ये एका तुडतुड्यासारख्या किड्यामुळे पसरणाऱ्या रोगाने झुडपं वाळतात, त्यात आपण भर घालू नये.

*

मी आणि माझा मित्र, दोघंही साठीपुढचे, त्याचे गुडघे गेलेले. प्रोव्हान्समधल्याच गोर्द गावाजवळचा सेनांकचा मठ, 1148 साली स्थापन झालेला, अजून साधू राहतात, समोरच लॅव्हेंडर. मला वाटलं होतं त्याला चालता येणार नाही म्हणून वाईट वाटेल. आम्ही कडेच्या भिंतीवर सकाळी बसलो ते घंटा वाजेपर्यंत, आणि तो सांगत होता बघ ऊन आता तिसऱ्या ओळीवर आलं, आता पाचव्या. मी शेत फिरलो असतो तर हे दिसलंच नसतं. निघताना वाळलेल्या फुलांची एकेक पुरचुंडी घेतली. त्याला पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, म्हणाला माझ्या पुरचुंडीचा वास गेला रे. मी म्हटलं मुठीत धरून जरा चोळ. फोनवर थोडा वेळ शांतता, मग म्हणाला, आला.