गिरणी संपातली जुनी पावती: काळ कसा ओळखावा?

लालबागकर
गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीची पावती मिळाली. आजोबा आणि वडील दोघेही परळच्या गिरणीत, साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते. काका म्हणतात कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या वेळची, आत्या म्हणते डॉक्टरांच्या (दत्ता सामंतांच्या) संपातली. नेमका तारखेवरच टाचणीचा गंज चढलाय. रक्कम ‘रु. ५.००’. शिक्का पुसट: ‘... गिरणी कामगार युनियन, मुंबई ४०० ०..’. मागे पेन्सिलीने एक नंबर. तपास कुठून सुरू करू?

धोटा
पत्त्यापासून. सहा आकडी पिनकोड १९७२ साली आला, त्याआधी नुसतं ‘मुंबई १२’ असं लिहायचे. म्हणजे डांग्यांच्या वेळचा १९२८चा संप बाद. तेव्हा हिशेब आण्या-पैंत होता, दशांश पैसे १९५७चे. पण काकांना एवढ्यात खोटं पाडू नका. १९७४लाही डांग्यांच्या नेतृत्वाखाली संप झाला होता.

निकाल शिक्क्यातल्या पुसट शब्दावर आहे. ‘गिरणी कामगार युनियन’च्या आधी ‘मुंबई’ असेल तर डांग्यांची, म्हणजे लाल बावट्याची (कम्युनिस्टांची). आधी ‘महाराष्ट्र’ असेल तर दत्ता सामंतांची. १८ जानेवारी १९८२पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले, तरी १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच होती. अशा वेळी सामंतांची पावती फाडणं म्हणजे मान्यताप्राप्त संघाला उघड नकार. तुमच्या घरातल्या माणसाने तो दिला असेल, तर हा कागद फार मोलाचा आहे.

जुनेकागद
टाचणी ओढू नका, कागद फाटेल. लॅमिनेशन, सेलोटेप तर अजिबात नको. अंधारात एका बाजूने बॅटरी धरून फोटो काढा. बॉलपेनने लिहिलं असेल तर दाबाच्या खुणा उठून दिसतात. मागचा नंबर बहुधा तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा नंबर असावा. गिरणीचा लाल पास, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची चिठ्ठी, जे घरात असेल त्याच्याशी ताडून बघा.

लालबागकर
धन्यवाद! बॅटरीने तारीख नाही उठली, पण शिक्क्यात ‘युनियन’च्या ओळीवर ‘ष्ट्र’ स्पष्ट दिसतंय. वडिलांचा पास आत्याकडे आहे, रविवारी जातो.

धोटा
मग सामंतांचीच. नंबर जुळला तर पावती आणि पास एकत्र ठेवा, मूळ प्रत कुणालाही देऊ नका. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेले कामगार म्हाडाच्या घरांना पात्र धरतात, आणि तिथे पुरावा म्हणून पासही चालतो. अर्ज भरलाय का, तेही आत्यांना विचारा.