सेकंडहँड गाडीचे ब्रेक किंचाळतायत, शनिवारी कुंभार्ली घाट आहे. मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ
नुकतीच पुण्याहून सेकंडहँड गाडी घेतली. घेताना चालवून बघितली तेव्हा काही आवाज नव्हता. आता ब्रेक दाबला की कानठळ्या बसतात. शनिवारी आईला घेऊन चिपळूणहून कराडला डॉक्टरांकडे जायचंय. इथल्या एका गॅरेजवाल्याने चाक न उघडताच सांगितलं, डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दाबणारे पॅड, सगळं बदला, नऊ हजार होतील. खरंच डिस्क बदलावी लागते का? प्लीज लवकर सांगा.

पान्यांचा डबा
गाडी किती सालची, किती चाललेली? आवाज पुढून येतो की मागून? सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येऊन थांबतो की दिवसभर? नुसती चीं आहे की खरखर? पेडल पायाखाली थरथरतं का? हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी ते अंदाजपंचेच.

सागरी महामार्ग
काही होत नाही हो. आमच्या रत्नागिरीत सगळ्यांच्याच गाड्या सकाळी ओरडतात. खारी हवा, त्यात पाऊस, रात्रभरात डिस्कवर लाल गंज धरतो. चार वेळा ब्रेक मारला की पुसून जातो. नऊ हजार वाचवा.

जुनी फियाट
पॅड काढून पॉलिश पेपर मारा. चकचकीत झालेले असतात, म्हणून ओरडतात. मी वर्षानुवर्षं हेच करतो. घाई असेल तर डिस्कवर थोडा गंज काढायचा स्प्रे मारायचा, आवाज लगेच बंद.

पान्यांचा डबा
काका, पेपरचं ठीक आहे, पण स्प्रेचं कृपा करून कोणाला सांगू नका. तेलकट काहीही डिस्कला किंवा पॅडला लागलं तर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. पॅड तेल पितो, मग तो फेकूनच द्यावा लागतो. इथे घाट उतरायची गोष्ट चाललीय.

आबा साताऱ्याचे
ताई, ब्रेकचं होईल, आधी सांगा आरसी नावावर झाली का? विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म 29 आणि 30. विमाही नावावर करून घ्या, त्यालाही चौदा दिवसच असतात. लोक गाडी घेतात आणि कागद तसेच ठेवतात.

वाशिष्ठीकाठ
आबा, कागदांचं चालू आहे. डबा, गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 68 हजार चाललेली. आवाज पुढून, डावीकडून जास्त. दिवसभर येतो. हळू जाताना ब्रेक न दाबताही बारीक चीं येते आणि दाबला की कधी कधी थांबते. पेडल थरथरत नाही. पॅड मी रिममधून टॉर्च मारून बघितले, चांगले जाड दिसतात. म्हणून तर डिस्कची शंका आली.

पान्यांचा डबा
हे आधी सांगायचं ना! रिममधून दिसतो तो बाहेरचा पॅड. खरी गोष्ट आतल्या पॅडची. पॅड झिजत आला की त्याला लावलेली पत्र्याची छोटी जीभ डिस्कला घासायला लागते, मुद्दाम आवाज करण्यासाठीच ती दिलेली असते. अनेक गाड्यांत ती आतल्या पॅडला असते. ब्रेक न दाबता चीं आणि दाबल्यावर बंद, हे बऱ्याचदा तिचंच लक्षण. चाक काढून आतला पॅड बघितल्याशिवाय शनिवारी निघू नका.

सागरी महामार्ग
डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकला तरी असाच आवाज येतो. आमच्याकडे जांभ्याच्या रस्त्यावर नेहमीचं आहे.

पान्यांचा डबा
येतो, मान्य. तोही चाक काढल्यावरच दिसेल.

घाटमाथा
चाक काढायला लावालच तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना हाताने मागेपुढे सरकतात का ते बघा. पिना जाम असल्या की कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅड एकटाच झिजतो. नवे पॅड टाकून पिना तशाच ठेवल्या तर तेही तसेच जातात. ग्रीस ब्रेकचंच हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं.
आणि डिस्क टर्निंग करून घ्या, म्हणजे लेथवर घासून सपाट, नवी घ्यायची गरज नाही.

जुनी फियाट
टर्निंगने डिस्क पातळ होते. मी कधीच करत नाही.

घाटमाथा
डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजून त्याच्या वर राहत असेल तर टर्निंग करायला काय हरकत आहे? त्याच्या खाली गेली की मात्र नवीच.

वाशिष्ठीकाठ
आज दुसऱ्या फिटरकडे चाक उघडलं, मी शेजारीच उभी होते. बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक. आतला जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा जाड! खालच्या पिनेचं रबर फाटलंय, पिन गंजून लाल झालीय, त्याने हातोडीने ठोकून काढली. डिस्कवर बारीक रेषा आहेत पण नख अडकत नाही. मोजली तर आकड्याच्या बरीच वर आहे. तो म्हणतो डिस्क राहू दे, पॅड आणि पिनांचं किट टाकतो. डावीकडचेच पॅड टाकू का? उजवीकडचे चांगले आहेत.

पान्यांचा डबा
नाही. दोन्ही बाजूंचे जोडीनेच, नाहीतर ब्रेक मारताना गाडी ओढेल. उजवीकडच्या पिनाही काढून साफ करा. ब्रेक ऑइल काळपट असेल तर तेही बदला, मागच्या मालकाने शेवटचं कधी बदललं कोणाला माहीत. ते हवेतलं पाणी ओढतं आणि उतारावर ब्रेक तापले की उकळून पेडल मऊ पडतं. डबीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 ते लिहिलेलं असतं, तेच घाला.

घाटमाथा
नव्या पॅडवर थेट घाटात जाऊ नका. आधी मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत वेग आणा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ देत, असं आठ-दहा वेळा करा. कराडला जाताना चढच आहे. ब्रेकची परीक्षा येताना, कोयनानगर मागे पडून घाटाचा उतार लागला की. तिथून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, पाय ब्रेकवर ठेवून नको. जळका वास आला तर बाजूला थांबा, चाकांवर पाणी ओतू नका.

वाशिष्ठीकाठ
दोन्ही बाजूंचे पॅड, किट आणि ऑइल सांगितलं, उद्या दुपारी गाडी मिळेल. संध्याकाळी गुहागर रोडला जाऊन साठ-वीसचं करते. डबा, घाटमाथा, खूप आभार. नऊ हजारांच्या निम्मेही होत नाहीत.

मोपेडवाली
माझ्या स्कूटीचा मागचा ब्रेक पाऊस पडला की कुईं करतो. तिथेही पॅडच का?

पान्यांचा डबा
डिस्क आहे की ड्रम?