एक ना धड भाराभर चिंध्या, पण त्यातून पोट कसं भरायचं? (सल्ला हवाय)

टिटवी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय.

वय ३१, मुक्काम सिडको, नाशिक. मेकॅनिकल डिप्लोमा करून अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एकूण नोकरी आठ वर्षं, या कंपनीत सव्वाचार. काम येतं, पगार वेळेवर होतो, तक्रार अशी काही नाही. फक्त दुपारी चारच्या सुमाराला हातात गेज असतं आणि डोक्यात भलतंच काहीतरी चालू असतं.

ते भलतंच म्हणजेच सगळा घोळ. तीन वर्षांपूर्वी मोडी शिकले, आता पेशवेकालीन कागद बऱ्यापैकी लागतो. लॉकडाऊनमध्ये पायथन शिकले आणि आमच्या रिजेक्शन रिपोर्टचं दोन तासांचं काम दहा मिनिटांवर आणलं (बक्षीस म्हणून बाकीच्या दोन लाइनचे रिपोर्टही माझ्याच गळ्यात पडले). हिवाळ्यात दर रविवारी नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य. तिथे बसून पक्ष्यांची रेखाटनं काढते. मध्यंतरी सहा महिने बेकिंगचंही वेड होतं, तो ओव्हन आता माळ्यावर आहे.

आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. ('चिंध्यांचीच गोधडी होते' असं कृपया कोणी लिहू नका, ते माझ्या स्टेटसला ठेवून झालंय.) फ्लॅटचा हप्ता अजून अकरा वर्षं आहे, घरात कमावती मी एकटी. यातलं एक धरून बाकीचं सोडावं, की सगळ्याचं मिळून काही होऊ शकतं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

कोडगा:
गोधडी... बरं, राहिलं.

नुसतं पायथन येणारे पुण्यात पैशाला पासरी आहेत, त्या रांगेत उभी राहू नकोस. पण टॉलरन्स म्हणजे काय ते कळणारं आणि कोडही लिहिणारं माणूस आमच्या प्रोजेक्टला शोधून सापडत नाही. ज्या ठिकाणी तुझ्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात, तिथे भाव आहे.

ईएमआयग्रस्त:
हप्ता अकरा वर्षं आणि कमावती एकटी. ताई, धागा इथेच संपला. छंद रविवारी.

सावाना सभासद:
इतकं निराश नका करू हो तिला. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके आठवा. जे.जे., बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग लिथोग्राफी आणि छपाई, शिवाय जादूचे प्रयोग. चाळिशी आली तरी लोक धरसोड्याच म्हणत असणार. मग १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र', आणि त्यात यातली एकही विद्या वाया गेली नाही.

एचआरवाली मावशी:
काका, मान राखून बोलते. फाळक्यांनी परदेशी जायला विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, वर फिल्मला भोकं पाडायच्या. टिटवीच्या घरी सरस्वतीबाई कोण होणार? तिची आई?

टिटवी, तू मला सांग, सव्वाचार वर्षं झाली ना या कंपनीत? मग अजून नऊ महिने हलू नकोस. सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते. मूळ पगार अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक २६ हजार धरलं तर पाच वर्षांचे ७५ हजार. म्हणजे हप्त्याचे काही महिने सुटले. दुसरं, नोकरी सोडलीस तरी पीएफ काढून मोकळी होऊ नकोस. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तुझी आठ झालीत. आत्ता पैसे उचललेस तर ती आठ गेली. न उचलता स्कीम सर्टिफिकेट घेतलंस तर पुढच्या नोकरीत जोडली जातात. आणि बाहेरचं काम घेण्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बहुतेकांत 'अन्य व्यवसाय करणार नाही' असं एक कलम असतंच. सही करताना कोणी वाचत नाही, मी समोर बसून सह्या घेते म्हणून माहीत आहे.

सावाना सभासद:
मावशी, मान्य. मग आपल्याच गावचे वसंत कानेटकर घ्या. एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि नाटकं लिहायचे. पगार एका खिशात, नाटक दुसऱ्या.

बाळबोध:
मी मोडी लिप्यंतराचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

मागणी आहे. जमिनीच्या वादातले जुने कागद कायमच येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मोडी वाचणारी माणसं अक्षरशः हुडकत फिरत होते लोक. पण ही लाट आहे, लाटेवर फ्लॅटचा हप्ता ठेवू नये. एखाद्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, पुढचे दोन महिने मी लोणची घालते.

पैसे पानावर ठरवू नकोस, ही माझी पहिल्या वर्षीची चूक. एक पान वीस मिनिटांत होतं, दुसऱ्यात शिरोरेघ एका दमात ओढून खाली घसट अक्षर, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही, त्यात वाळवीची भोकं. त्याला अख्खा दिवस जातो. आधी कागद बघायचा, मग आकडा सांगायचा.

आणि गिऱ्हाइकाला खरं तर वाचन नको असतं, पणजोबांचं नाव कुठल्या कागदात आहे ते हवं असतं. घरात गाठोडंभर कागद. त्यांवर सालं वेगवेगळ्या जुन्या कालगणनांतली, कुठे फसली सन, कुठे शुहूर, कुठे शक. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष जूनच्या आसपास बदलतं, तिथे एका वर्षाने हमखास घसरतो. मला वाचता येतं पण याद्या करायचा कंटाळा. तुझ्याकडे रोज नोंदी ठेवणारी, चूक पकडणारी नजर आहे आणि ते पायथन. सगळ्या कागदांची गाव, नाव, सालवार सूची करून दिलीस तर ते काम माझ्या माहितीत कोणी करत नाही. कोडगा म्हणतात ते चिकटणं हेच असावं.

कोडगा:
हेच. सन बदलणारं कोष्टक मी एका संध्याकाळी करून देतो, फुकट.

खरडछाटणी:
राम राम. निफाडकडचा द्राक्षवाला, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्यात वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, तिला फळ नाही. नुसती काडी तयार करायची, पण पुढचा घड त्या काडीच्या डोळ्यातच धरतो. ऑक्टोबरला गोड छाटणी, माल निघतो जानेवारी ते मार्च. नवा माणूस विचारतो की एप्रिलचा खर्च कशाला? टिटवीताई, तुमचे मोडीचे तीन वर्षं ही खरड छाटणीच होती.

आता दुसरं. वेलीला आले तेवढे सगळे घड ठेवले तर मणी फुगत नाही, साखर भरत नाही. म्हणून विरळणी करतो. चांगले दिसणारे घड काढताना हात जड होतो, पण वेल कोणी तोडत नाही. तुमचा प्रश्न 'एक धरून बाकी सोडू का' असा आहे. सोडायचं कशाला? या साली बाजारात कुठला घड न्यायचा तेवढं ठरवा.

आणि एक अनुभव. मलाही पक्ष्यांचा नाद. नांदूर मध्यमेश्वर २०२० ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) गेलं, बाहेरची माणसं वाढली, तेव्हा मीही दोन हिवाळे पैसे घेऊन पक्षी दाखवले. पैसे बरे मिळाले. पण पाहुण्याला फ्लेमिंगो दिसला नाही की तोंड माझ्याकडे. मी पाण्याकडे बघायचं सोडून पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. तिसऱ्या वर्षी बंद केलं. आता सकाळी एकटा जातो. नादातला एक तरी विकायला काढू नये, असं मला वाटतं. कुठला, ते ज्याचं त्याला माहीत.

ईएमआयग्रस्त:
हे बरोबर. माझा तबला असाच गेला, लग्नातल्या ऑर्डरी घेऊन घेऊन.

टिटवी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना आईला अख्खा धागा वाचून दाखवला. सरस्वतीबाईंवर ती पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, मी भोकं पाडणार नाही.

अपॉइंटमेंट लेटर काढलं, मावशी म्हणतात ते कलम आहेच. त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत पैशाचं काम घेत नाही. तोवर मामांकडच्या गाठोड्यातल्या कागदांची सूची करून बघते, म्हणजे एका कागदाला किती वेळ जातो ते कळेल. बाळबोधताई, अडले तर विचारू ना? रेखाटनं आणि पक्षी विकायला काढायचे नाहीत, हे कालच ठरलं. ओव्हन मात्र विकायचा आहे, सिडकोत कोणाला हवा असेल तर व्यनि करा.

बाळबोध:
जरूर विचार. पहिल्या दहा कागदांचे फोटो पाठव, उजेडात काढलेले.

टिटवी:
पाठवते. खरडछाटणी दादा, या रविवारी नांदूरला येतेच आहे. सकाळी पाण्यावर, नंतर मिसळ. तुमच्याकडून की माझ्याकडून?

खरडछाटणी:
माझ्याकडून. पण बागेत माल काढणं चालू आहे, मिसळीआधी थोडे क्रेट उचलावे लागतील.