डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) करताना फ्लॅट की त्याहून रुंद चौकटीचा स्कोप, आणि डेटा रेट (दर सेकंदाचा डेटा) किती ठेवावा?

प्रश्न: माझा २२ मिनिटांचा लघुपट १९२० बाय १०८० मध्ये, सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने पूर्ण झाला आहे. महोत्सवासाठी फ्लॅट निवडावे की स्कोप, आणि डेटा रेट थेट सेकंदाला २५० मेगाबिट ठेवावा का?

प्रतिसाद: फ्लॅटच निवडा. त्याची चौकट १९९८ बाय १०८० असल्याने चित्र मूळ आकारातच मध्यभागी बसते आणि दोन्ही कडांना जेमतेम ३९ पिक्सेलची काळी पट्टी उरते, जी अंधाऱ्या सभागृहात सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. स्कोपची उंची ८५८ पिक्सेलच असते. तिथे चित्र लहान तरी करावे लागेल, नाही तर पात्रांची डोकी छाटली जातील.

प्रतिसाद: २५० ही कमाल मर्यादा आहे, तेवढा दर गाठलाच पाहिजे असे नाही. मी एकदा तो ठेवला आणि पावसाच्या दृश्यात चित्रपटगृहातला जुना सर्व्हर (डीसीपी चालवणारे यंत्र) अडखळला. तेव्हापासून टू-केसाठी (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रासाठी) १२५च्या आसपास थांबतो. शिवाय २२ मिनिटांची फाइल साधारण ४१ जीबीऐवजी २१ जीबीत मावते.

प्रश्नकर्ता: संकलनातच वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या आहेत, हे सांगायचे राहिले.

प्रतिसाद: मग तुमचे चित्र मुळात स्कोपसारखे रुंद आहे, म्हणून उत्तर बदलते. त्या पट्ट्या कापून उरलेले चित्र सुमारे ७ टक्के मोठे करा आणि स्कोपच निवडा. फ्लॅट ठेवल्यास स्कोपच्या पडद्यावर चारही बाजूंना काळी चौकट दिसेल.